पहिला विश्वचषक आणि समुद्रप्रवास

फुटबॉलच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत तेरा संघ खेळले. त्यांपैकी युरोपातील संघ अवघे चार होते. या खेळाचा एवढा प्रसार झालेल्या खंडातून इतकेच संघ का आले, या प्रश्नाचे उत्तर मैदानावर मिळत नाही. त्यासाठी बंदराकडे वळावे लागते.

इ. स. १९३० मध्ये या स्पर्धेचे यजमानपद दक्षिण अमेरिकेतील युरुग्वे या चिमुकल्या देशाकडे होते. १९२४ व १९२८ या दोन्ही ऑलिंपिक स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानेच पटकावले होते. शिवाय १९३० हे त्या देशाच्या पहिल्या राज्यघटनेचे शताब्दी वर्ष होते. पाहुण्या संघांचा प्रवासखर्च व निवासखर्च सोसण्याची तयारीही युरुग्वेने दाखवली. एवढे करूनही युरोपातील बहुतेक देशांनी नकार कळवला. बोटीने जायला सुमारे दोन आठवडे, परतायला तेवढेच आणि मध्ये स्पर्धा! खेळाडूंपैकी अनेक जण नोकरी करून खेळणारे होते. इतकी प्रदीर्घ रजा त्यांना कोण देणार? रुमानियाच्या खेळाडूंना मालकांकडून रजा मिळावी, म्हणून खुद्द राजे कॅरोल दुसरे यांना मध्यस्थी करावी लागली. कामगाराच्या रजेसाठी राजाने शब्द टाकावा, असे प्रसंग इतिहासात विरळाच.

अखेर फ्रान्स, बेल्जियम, रुमानिया आणि युगोस्लाव्हिया हे चार संघ निघाले. त्यांपैकी पहिले तीन ‘कोंते वेर्दे’ या एकाच जहाजावर होते. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष ज्यूल रिमे हेही विजेत्यांना द्यायचा चषक घेऊन त्याच जहाजाने निघाले होते. पुढे रिओ द जानेरो येथे ब्राझीलचा संघही त्यात चढला. जे काही दिवस समुद्रावर काढायचे, त्यांत व्यायाम करायचा तो डेकवरच! ४ जुलैला जहाज माँटेव्हिडिओला पोहोचले.

तेथे मुख्य क्रीडांगणाचे बांधकाम अद्याप चालूच होते. त्यामुळे १३ जुलैचे पहिले सामने शहरातील लहान मैदानांवर झाले. त्या दिवशी फ्रान्सच्या ल्यूसियाँ लॉराँ याने मेक्सिकोविरुद्ध विश्वचषकातील पहिला गोल केला.

३० जुलैच्या अंतिम सामन्यात युरुग्वेसमोर शेजारचाच अर्जेंटिना उभा ठाकला. चेंडू कोणाचा वापरायचा, यावरूनच वाद उद्भवला! शेवटी पूर्वार्धात अर्जेंटिनाचा व उत्तरार्धात युरुग्वेचा चेंडू वापरण्यात आला. मध्यंतराला अर्जेंटिना २–१ असा पुढे होता; सामना मात्र युरुग्वेने ४–२ असा जिंकला. चौथा गोल हेक्तोर कास्त्रो याचा होता. बालपणी विजेच्या करवतीने त्याच्या उजव्या हाताचा पुढचा भाग तुटला होता. दुसऱ्या दिवशी युरुग्वेत राष्ट्रीय सुटी जाहीर झाली.

युरोपीय देशांचा नकार मात्र युरुग्वे विसरला नाही. १९३४ ची स्पर्धा इटलीत भरली, तेव्हा विश्वविजेता युरुग्वे तिकडे फिरकलाच नाही.