शेवटच्या रांगेत कोण बसणार?

मोटार खरेदी करताना आपण इंजिन, मायलेज, हप्ता आणि रंग या चार गोष्टींची चौकशी मोठ्या कसोशीने करतो. सात आसनांची गाडी घेणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: शेवटच्या रांगेत कोण बसणार? विक्रीच्या दालनात हा प्रश्न कोणालाच सुचत नाही. पहिल्या मोठ्या प्रवासाच्या पहाटे, सामान दारात आणि मंडळी अंगणात आली की तो आपोआप समोर येतो.

आमच्या पुण्याच्या घरी २०१४ च्या दसऱ्याला मारुतीची अर्टिगा आली. कुटुंब सात जणांचे. आई, अण्णा, आम्ही उभयता, सात वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहिलेली पुतणी. सात माणसे, सात आसने. हिशेब इतका नेमका जुळला की दुसरा विचार करण्याची गरजच भासली नाही. ही गाडी दहा वर्षांहून अधिक काळ वापरल्यावर, आणि अशाच गाड्या बाळगणाऱ्या आप्तांशी वेळोवेळी बोलल्यावर, त्या हिशेबातील चूक वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

आपल्याकडे घरादाराने मिळून जाण्याची छोटी व्हॅन ही कल्पना रुजवली ती १९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनने. पुढे तिचेच नाव ओम्नी झाले. ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या आसनांखाली, बाजूला सरकणारे दार आणि डब्यासारखा आकार. आज चाळिशीत असलेल्या कित्येकांच्या शाळेच्या आठवणी त्या सरकत्या दाराच्या आवाजासह येतात. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तत्पूर्वी २०१० मध्ये ईको आली आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये अर्टिगा. २००५ पासून रस्त्यावर असलेली इनोव्हा अनेकांच्या मनात होती, परंतु तिची किंमत आणि वाड्याच्या बोळात न मावणारा देह, दोन्ही आमच्यासारख्यांना झेपणारे नव्हते. अर्टिगाची लांबी ४२६५ मिलिमीटर. म्हणजे नेहमीच्या मोटारीएवढ्याच जागेत तीन रांगा. मध्यमवर्गीय कुटुंबाला आणखी काय हवे होते!

मात्र इतक्या लांबीत तीन रांगा बसवल्या की काहीतरी द्यावे लागते. तिन्ही रांगा उघडलेल्या असताना आमच्या गाडीत सामानासाठी उरते ती जागा १३५ लिटरची. हा आकडा माहितीपत्रकात होता आणि मी तो वाचलाही होता. परंतु लिटर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूध आणि तेल येते, बॅगा येत नाहीत. प्रत्यक्षात त्या जागेत दोन दप्तरे, फराळाची एक पिशवी आणि पाण्याची कळशी राहते. सात माणसांचे चार दिवसांचे कपडे राहत नाहीत.

त्यावर उपाय म्हणून आम्ही छतावर कॅरिअर बसवले, आणि २०१६ च्या मे महिन्यात इचलकरंजीच्या एका लग्नाला निघालो. ऐनवेळी माझी बहीण आणि तिची लहानगी आमच्यासोबत आल्या. सातांचे नऊ झाले. “होईल की सगळे, आपलीच तर माणसे,” असे मीच म्हणालो. छतावर पाच बॅगा आणि आहेराचे खोके. मागे कोण, हे ठरवायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, “मी बारीक आहे, मी बसते मागे.” कोणी आढेवेढे घेतले नाहीत. तिच्याशेजारी पुतणी आणि दोघींच्या मांडीवर आळीपाळीने भाची.

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकीचा घाट चढावा लागे. बोगदा परतीच्या वाटेवर होता. भरलेली गाडी दुसऱ्या गीअरवर कण्हत चढली. एसी बंद करावा लागला, कारण त्याशिवाय ती दमच धरीना. कराडजवळ चहासाठी थांबलो. सारे उतरले. मधल्या रांगेचे आसन पुढे सरकवून आईसाठी वाट केली, पण तिला बाहेर येता येईना. अडीच-तीन तास गुडघे दुमडलेल्या स्थितीत होते, ते सरळच होईनात. अखेर मी आणि मेहुण्यांसारखा कोणी अनोळखी सज्जन, दोघांनी तिचे हात धरून तिला अक्षरशः ओढून बाहेर काढले. ती हसली. आम्हीही हसलो, ही गोष्ट लिहिताना आज लाज वाटते.

परतीच्या प्रवासात साताऱ्याला मागच्या एका टायरला बाजूने फुगवटा दिसला. टायरवाल्याने काही न बोलता चालकाचे दार उघडले आणि खांबावरील स्टिकर दाखवला. पूर्ण भार असताना मागच्या चाकांत किती हवा असावी, ते तेथे छापलेले होते. दीड वर्ष मी ते दार दिवसातून चार वेळा उघडत होतो. तो स्टिकर मी वाचला नव्हता. सातांच्या गाडीत नऊ जण, छतावर ओझे आणि हवा नेहमीचीच. दोष गाडीचा नव्हता, पुरता माझा होता. ते टायर घाटात फुटले असते तर काय झाले असते, याचा विचार मी पुढे बरेच दिवस टाळत असे.

त्यानंतर आई आमच्यासोबत लांबच्या प्रवासाला येईनाशी झाली. कधी घरी पाहुणे येणार असत, कधी डोके दुखत असे, आणि बहुतेक वेळा “मला आताशा गाडी लागते,” हे कारण असे. तीन वर्षे आम्ही ते खरे मानले. अण्णाही मग तिच्यासाठी घरी थांबत. सातांची गाडी घेतली आणि तिच्यातून पाचच जण फिरू लागलो. एकदा मी लिंबाच्या गोळ्यांचे पाकीट आणून म्हटले, “आता तरी आईला नेऊ.” तेव्हा माझी पत्नी शांतपणे म्हणाली, “त्यांना गाडी नाही लागत. त्यांना ती मागची जागा लागते.”

पुढच्या रविवारी मी थोरल्या चुलतभावाला गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसून साताऱ्यापर्यंत गेलो. प्रत्येक मालकाने हे एकदा करावे, आणि शक्य असल्यास खरेदीपूर्वी करावे. तेथे पायाखालची जमीन उंच आणि आसन बुटके, त्यामुळे गुडघे छातीकडे येतात. आसन नेमके मागच्या चाकांवर असल्याने पुढच्यांना जो खड्डा जाणवतही नाही तो मागच्याच्या कमरेत उमटतो. आमच्या गाडीत छताचा एसी मधल्या रांगेवर वारा सोडतो. मागे त्याची झुळूक पोहोचते ती उरलीसुरली. आणि पुढे चाललेले बोलणे ऐकू येत नाही. हसण्याचा आवाज येतो, कशाला हसले ते कळत नाही. आईने कराडपर्यंत काय सोसले, त्यात गुडघ्यांइतकाच हाही भाग असावा.

आप्तांचे अनुभव ऐकले तेव्हा कळले की प्रत्येकाने या शेवटच्या रांगेशी आपापला तह केला आहे. माझ्या आतेभावाने २०१९ मध्ये आलेली रेनोची ट्रायबर घेतली. ही गाडी चार मीटरच्या आतली, त्यामुळे कर कमी. तिची शेवटची दोन्ही आसने चक्क काढून ठेवता येतात. ती असताना सामानाला ८४ लिटर, काढली की ६२५. आतेभावाची आसने गेली दोन वर्षे गॅलरीत चादर पांघरून बसली आहेत, आणि घरची मांजर त्यांवर झोपते. “पाहुणे आले की बसवतो,” असे तो म्हणतो. पाहुणे रिक्षाने येतात. त्याची एकच ताकीद असते, की ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आहे, घाटात घाई करायची नाही आणि गीअर आधीच खाली आणायचा.

इचलकरंजीच्या मेहुण्यांकडे २०१८ नंतरची नवी अर्टिगा आहे. ती आमच्या गाडीपेक्षा १३० मिलिमीटर लांब आहे आणि सामानाची जागा २०९ लिटर झाली आहे. परंतु त्यांनी घेतली सीएनजीवर चालणारी, आणि गॅसची टाकी नेमकी त्याच जागेत आडवी झोपली आहे. इंधनात वाचलेले पैसे ते तपशीलवार सांगतात. बॅगा कोठे ठेवता, असे विचारले की विषय बदलतात. सांगलीच्या मावसभावाची ईको आहे. आठवडाभर तीत कापडाचे गठ्ठे जातात आणि रविवारी सासूबाईंसह सारे घर. दिसायला साधी आणि आवाजाला मोठी अशी ही गाडी, पण सरकते दार चांगले ऐसपैस उघडते आणि सासूबाई कोणाचा हात न धरता, फक्त खाली ठेवलेल्या पाटावर पाय देऊन आत जातात. मला या साऱ्यांत त्याचाच तह अधिक शहाणपणाचा वाटतो.

मोठ्या गाडीच्या मालकाला आणखी एक अनुभव हमखास येतो. गाडी मोठी असली की मालकाचे मनही तेवढेच मोठे असले पाहिजे, असे आप्तेष्ट गृहीत धरतात. साखरपुडा, दवाखाना, रेल्वे स्थानक, सगळीकडे आपण. “मुलांना काय, मांडीवर घेऊ,” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याचे उत्तर पाठ झाले आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. दंडाचे नाव काढले की माणसे ऐकतात. अचानक ब्रेक लागल्यावर मांडीवरचे मूल हातांनी धरून ठेवता येत नाही, असे सांगितले तर मात्र वाईट वाटून घेतात. एक-दोघांनी आमच्याशी बोलणेही कमी केले. त्याला इलाज नाही.

आता आमच्याकडे रीत ठरली आहे. आईची जागा मधल्या रांगेत डावीकडे, दाराशी. पुतणी नोकरीसाठी बाहेरगावी गेल्याने आम्ही सहा जण उरलो. शेवटच्या रांगेत एका बाजूला बॅगा, दुसऱ्या बाजूला एक जण. कॅरिअर काढून टाकले. सामान फार झाले तर आदल्या दिवशी पार्सलने पुढे जाते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवा तपासणे हे काम अण्णांनी आपणहून घेतले आहे आणि ते स्टिकरवरील आकडा मला मोठ्याने वाचून दाखवतात.

यंदा थोरल्याला वाहनपरवाना मिळाला. गेल्या महिन्यात इचलकरंजीला जाताना गाडी त्यानेच चालवली. शेजारी अण्णा, मध्ये आई, पत्नी आणि मुलगी. त्याची उंची आता मागे मावत नाही, म्हणून बॅगांशेजारी मी. खंबाटकीच्या तिसऱ्या वळणावर त्याने गीअर बदलायला उशीर केला, ते मला पाठीच्या कण्यात कळले. मी ओरडून सांगितले. पुढे कशावर तरी हसणे चालले होते, कोणाला ऐकू गेले नाही. थोड्या वेळाने आई तेवढी मागे वळली आणि म्हणाली, “गुडघे दुखत असतील तर पाय बॅगेवर ठेव. मी तसेच करायचे.”