पेरूची जेली, पेठ्याचा चुना
वनस्पतीच्या शेजारशेजारच्या पेशींना चिकटवून ठेवणाऱ्या थरात पेक्टिन भरपूर असते. 1825 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी ते वेगळे काढले. गॅलॅक्ट्युरोनिक आम्लाच्या कड्यांची ही लांबलचक साखळी. पण तिचा स्वभाव ठरतो तो किती कड्यांवर मिथाइल गट बसला आहे यावर. निम्म्याहून जास्त कड्यांवर असेल, तर जेली धरायला साधारण 60 ते 65 टक्के साखर आणि 3च्या आसपासचा सामू लागतो. साखर पाणी ओढून घेते, आम्ल साखळ्यांवरचा ऋण प्रभार घटवते, मग साखळ्या एकमेकींना बिलगतात. पेरूच्या जेलीत लिंबू पिळतात ते यासाठीच; नुसत्या चवीचे समजून वगळले, तर हाती पाकच राहतो.

मिथाइल गट कमी असले, की कॅल्शियमवर भागते. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत ठेवतात, तेव्हा कॅल्शियम साखळ्यांना सांधते आणि फोड पाकात उकळूनही विरघळत नाही.

फळ पिकताना मात्र विकरे आधी मिथाइल गट काढतात, मग साखळीच तोडतात. म्हणून जेलीला पेरू नुकता पिकू लागलेला, दाबल्यावर घट्ट लागणारा घ्यावा. पूर्ण पिकलेल्याचा वास अप्रतिम असतो, पण त्यातले पेक्टिन तुटलेले असते.