पहिल्या प्रक्रियेचे अभय

युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स या प्रणालींत चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामला, म्हणजेच प्रक्रियेला, एक क्रमांक असतो. त्यांतील पहिला क्रमांक ‘इनिट’चा, कारण यंत्र सुरू होताना प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, तिलाच प्रथम चालवतो, इतर सेवा ती सुरू करते आणि यंत्र बंद होताना त्यांना आवरते घ्यायला लावण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते.

हा निरोप ‘सिग्नल’ने जातो. सिगटर्म (क्रमांक १५) ही विनंती असून, प्रोग्रामने हातातील काम संपवावे, स्मृतीतील नोंदी डिस्कवर लिहाव्यात आणि मग थांबावे, अशी त्यामागची अपेक्षा असते; मात्र ती डावलण्याची मुभाही त्याला असते. सिगकिल (क्रमांक ९) डावलता येत नाही आणि त्याने अर्धवट राहिलेले लेखन अर्धवटच राहते. म्हणून या दोहोंमधील अवधी मोलाचा ठरतो: लिनक्सवर आज बहुतेक ठिकाणी रुळलेली ‘सिस्टमडी’ ही व्यवस्था एरवी ९० सेकंद थांबते, तर प्रोग्राम बंदिस्त कप्प्यांत चालवणारे ‘डॉकर’ हे साधन १०. त्यातही पोस्टग्रेससारखा डेटाबेस सिगटर्म मिळाल्यावर नव्या जोडण्या नाकारतो, पण जुने ग्राहक आपणहून जाईपर्यंत वाट पाहतो, आणि सिगइंट हा वेगळा सिग्नल मिळाला तरच चालू व्यवहार रद्द करून तातडीने, तरीही नीटपणे, बंद होतो. सेवेनुसार सिग्नल नेमून देणे म्हणूनच अगत्याचे आहे.

इनिट संपली तर कर्नलच कोलमडतो. त्यामुळे ज्या सिग्नलची व्यवस्था इनिटने स्वतः केलेली नाही, तो कर्नल तिच्यापर्यंत पोहोचूच देत नाही, आणि प्रणालीच्या आतून पाठवलेला सिगकिलही तिला मारू शकत नाही. हे अभय अत्यंत विचारपूर्वक दिलेले आहे. पण डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतंत्र क्रमांकन असलेल्या बंदिस्त कप्प्यात, साधा प्रोग्रामच क्रमांक १ होतो आणि तेच अभय अडचणीचे होते. सिगटर्म हाताळण्याची सोय त्यात नसेल, तर एरवी ज्या सिग्नलने तो थांबला असता तो निष्फळ ठरतो, १० सेकंद वाया जातात आणि अखेर बाहेरून आलेला सिगकिल त्याला संपवतो. शिवाय ज्यांना सुरू करणारी पालक प्रक्रिया संपली, त्या प्रक्रिया क्रमांक १ कडे येतात व त्या संपल्यावर त्यांची नोंद मिटवणे हे तिचे काम असते, ज्याची अशा प्रोग्रामला कल्पनाही नसते.

‘टिनी’ हा छोटा प्रोग्राम क्रमांक १ ची जागा घेऊन सिग्नल पुढे पोहोचवतो आणि या नोंदी मिटवतो; अर्धवट लेखन पुरे करण्याची तजवीज मात्र मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यालाच करावी लागते.