बालकांचे घरगुती अपघात आणि कौटुंबिक जोखीम घटक : रायगड जिल्ह्यातील विंचूदंशाच्या संदर्भात

प्रस्तावना

बालआरोग्याचा विचार करताना आपल्याकडे कुपोषण, लसीकरण व संसर्गजन्य आजार यांवर भर दिला जातो आणि ते योग्यच आहे. तथापि पडणे, भाजणे, बुडणे, विषबाधा, दंश यांसारख्या दैनंदिन अपघातांची मीमांसा मात्र बहुधा 'दैव' आणि 'आईचे दुर्लक्ष' या दोन कारणांपाशी थांबते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अहवालानुसार अपघाती इजांमुळे जगात दररोज दोन हजारांहून अधिक बालके मृत्युमुखी पडत होती व त्यांपैकी अनेक मृत्यू टाळता येण्याजोगे होते. मृत्यू टाळता येत असेल, तर तो दैवाधीन म्हणता येत नाही. उरतो तो दोषाचा प्रश्न. तो केवळ आईच्या माथी मारणे कितपत सयुक्तिक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्यातील विंचूदंशाच्या आधारे केला आहे.

महाडचा अनुभव

रायगडच्या किनाऱ्यापासून आत, सावित्री नदीच्या काठी महाड वसले आहे. या तालुक्यातील बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या. लाल विंचवाच्या विषाने चेतातंतू उद्दीपित होऊन शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो. रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो व फुप्फुसांत पाणी साचते. यावर प्राझोसीन हे मूळचे रक्तदाबावरील स्वस्त औषध गुणकारी ठरते, हा डॉ. बावस्कर दांपत्याचा निष्कर्ष १९८६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या नोंदींनुसार गंभीर दंशातील मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत खाली आले. पुढे प्राझोसीनसोबत विंचूप्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे महाड येथेच केलेल्या व २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या चाचणीने दाखविले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या यशोगाथेचा वैद्यकीय भाग सुपरिचित आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासकाला त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते : औषध तालुक्याच्या ठिकाणी होते, विंचू मात्र घरात होता. बालकाचे वजन कमी असल्याने तेवढ्याच विषाची मात्रा त्याला अधिक घातक ठरते. म्हणजे दंश होण्यापूर्वीची घराची स्थिती आणि दंशानंतर घराने घेतलेला निर्णय, या दोहोंवर त्याचे जीवित अवलंबून राहते.

घराची रचना व सवयी

अमेरिकन वैद्य विल्यम हॅडन यांनी अपघाताचे विश्लेषण अपघातापूर्वी, अपघातसमयी व अपघातानंतर अशा तीन टप्प्यांत करण्याची पद्धत रूढ केली. त्या दृष्टीने कोकणातील जुने घर पाहावे. न गिलावलेल्या जांभ्याच्या भिंतींतील फटी, कौलांखालची पोकळी, पडवीत रचलेला लाकूडफाटा, गोठ्याजवळचा पेंढा ही विंचवाला निवाऱ्याची उत्तम ठिकाणे होत. विंचू निशाचर आहे आणि मुले रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात. सकाळी दोरीवरचा सदरा न झटकता अंगात घातला जातो. चुलीसाठी ढिगातून लाकूड उचलण्याचे काम मुलींकडे असते. यांतील एकही गोष्ट निष्काळजीपणाची नाही. ती त्या घराची नित्याची रीत आहे आणि पुष्कळदा गरिबीची खूणही.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांची स्थिती याहून कठीण असते. तेथे झोपडीच रचलेल्या विटांची असते. अशा झोपडीतील मातेला 'स्वच्छता राखा' असा उपदेश करणे निरर्थक आहे, असे स्पष्टपणे नमूद करावेसे वाटते.

देखरेख व निर्णय

कौटुंबिक जोखीम घटकांच्या प्रश्नावलीत मातेचे शिक्षण हा रकाना हमखास असतो. पित्याच्या अनुपस्थितीचा क्वचितच. रायगडच्या अनेक गावांतील कर्ते पुरुष मुंबईत चाकरी करतात. किनाऱ्यावरील मासे विकणाऱ्या स्त्रिया पहाटेच घर सोडतात, तर भातलावणीच्या दिवसांत शेतकरी स्त्रिया दिवसभर चिखलात असतात. धाकट्या भावंडाची देखरेख अशा वेळी आठ-दहा वर्षांच्या बहिणीकडे येते. तान्ह्या मुलाचे रडणे भुकेचे की दंशाचे, हे तिने कसे ओळखावे? विहिरी-तळ्यांत बुडण्याच्या व चुलीपाशी भाजण्याच्या घटनांनाही देखरेखीचा हाच प्रश्न लागू पडतो.

दंशानंतरच्या टप्प्यात घरातील वडीलधाऱ्यांचे मत निर्णायक ठरते. येथे एक फसवी गोष्ट आहे. बहुसंख्य दंशांत केवळ तीव्र वेदना होतात व त्या काही तासांत आपोआप शमतात. त्याचे श्रेय विंचू उतरविणाऱ्याला मिळते. उलट गंभीर विषबाधेत दंशाच्या जागी वेदना फारशी नसण्याचा संभव असतो. मूल ओरडत नाही म्हणून घर निश्चिंत होते, आणि त्याच वेळी त्याला उलट्या होतात, दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात. विंचवाच्या आकारावरून केलेले अनुमानही असेच चुकते. मोठी काळी इंगळी पाहून घर हादरते. लहानसा लाल विंचू दुर्लक्षिला जातो, वास्तविक अधिक घातक तोच. म्हणून घराला विचारावयाचा प्रश्न 'किती दुखते?' हा नसून 'घाम आला का, उलटी झाली का?' हा आहे.

रुग्णालय गाठण्यास लागणारा वेळ हाही कौटुंबिक घटकच मानावा लागेल. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध असली, तरी घाटमाथ्याच्या वाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत मूल खांद्यावरूनच आणावे लागते. तेथे दूरध्वनी कोणाजवळ आहे व रात्री कोणाला हाक मारता येते, यावर बरेच ठरते.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ग्रामसफाईबरोबर घरांची पाहणी सहज होऊ शकते : भिंतीच्या फटी कोठे आहेत, सरपण घराला किती लागून रचले आहे, मुले कोठे झोपतात. फटी लिंपणे, सरपण घरापासून दूर हलविणे, अंथरूण व कपडे झटकून घेणे आणि शक्य तेथे लहान मुलांना खाटेवर झोपविणे, एवढ्याने धोका बराच कमी होतो. मात्र लिंपण्याचे काम विद्यार्थ्यांनी घरातील पुरुषांना सोबत घेऊन करावे. अन्यथा तेही स्त्रियांच्याच कामांत जमा होईल. धोक्याची लक्षणे शाळेतील मुलांना, विशेषतः भावंडे सांभाळणाऱ्या मुलींना, शिकवावीत. उन्हाळी सुट्टीपूर्वीचे दिवस त्यासाठी सोयीचे आहेत. कारण मे महिन्यात मुंबईहून गावी आलेली मुलेही याच घरांत जमिनीवर झोपतात आणि त्यांना विंचू कसा दिसतो हेही ठाऊक नसते.