९ ऑगस्ट १९४२ : त्याच दिवशी लेनिनग्राडमध्ये

९ ऑगस्ट १९४२ म्हटलं की आपल्याला गवालिया टँक आणि झेंडा फडकावणाऱ्या अरुणा असफअली आठवतात. त्याच दिवशी, वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजली. हॅरिसन सॉल्सबरीचं ‘द नाइन हंड्रेड डेज’ वाचता वाचता सध्या तीच ऐकतोय.

आधीच्या हिवाळ्यात उपासमारीने रेडिओ ऑर्केस्ट्रातले कित्येक वादक गेले होते. कंडक्टर कार्ल एलियासबर्गने लष्करातून वादक मागवले. फुंकवाद्यं वाजवायला छातीत दम नाही, तरी तालमी चालूच! मैफलीवर गोळे पडू नयेत म्हणून सोव्हिएत तोफांनी आधीच जर्मन ठाण्यांवर मारा केला. लाउडस्पीकरवरून संगीत शहरभर, अगदी जर्मन खंदकांपर्यंत पोचलं.

पहिल्या भागात ड्रमच्या ठेक्यावर एकच धून फुगत जाते. खरं सांगायचं तर मला ती जरा ताणलेली वाटायची. २०२२ मध्ये मारियुपोलच्या वेढ्याच्या बातम्या पाहिल्यानंतर मात्र ऐकवेना. (या वेळी वेढा घालणारं सैन्य रशियाचं होतं, हेही डोक्यातून जात नाही.)

ऐकणार असाल तर सलग ऐका; साधारण सव्वा तास लागतो. आणि आवाज सुरुवातीला मोठा ठेवू नका, पुढे कान बसतात.