मेलेले माकड ही धोक्याची घंटा : माकडतापावर गावाची नजर



काजूचा हंगाम सुरू झाला की आपण दिवस उजाडताच बागेत जातो. वाटेत एखादे माकड मरून पडलेले दिसते. "बरं झालं, एक उपद्रव कमी झाला," असे म्हणून पुढे जाऊ नका. ते माकड माकडतापाने मेलेले असू शकते. तसे असेल तर तोच ताप तुमच्या घरी यायला वेळ लागत नाही.

हा रोग कोठून आला?

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर जंगलात, माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसेही तापाने आजारी पडली. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी याचा विषाणू शोधून काढला. पुढे २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात या तापाचे रोगी आढळले.

रोग पसरतो कसा?

हा विषाणू जंगली गोचिडीतून पसरतो. गोचिडीची पिल्ले खसखशीएवढी असतात; अंगावर चढली तरी कळत नाहीत. नोव्हेंबर ते मे या काळात ती पाचोळ्यात फार असतात. नेमके याच दिवसांत आपण काजू वेचतो, सरपण आणतो आणि तरवा भाजण्यासाठी पातेरा गोळा करतो.

मग गुरांचे काय? गुरांना हा ताप येत नाही. परंतु मोठी गोचीड गुरांच्या रक्तावर पोसते, गळून पडते व हजारो अंडी घालते. म्हणजे गुरे आजारी न पडताही गोचिडी वाढवतात. म्हणून गुरे चरून आली की कान, कास, शेपटीचे मूळ व मांड्यांची आतली बाजू रोज तपासा.

टेहळणी कशी करतात?

माकड मेले की अंग थंड पडते आणि त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आजूबाजूला पसरतात. म्हणून ती जागा सर्वांत धोक्याची. खबर मिळताच पशुवैद्यक व वनखात्याचे लोक येऊन नमुना घेतात, प्रेताची विल्हेवाट लावतात आणि सभोवार औषध मारतात. आरोग्य कर्मचारी पांढरे फलालीचे कापड पाचोळ्यावरून ओढतात. त्याला चिकटलेल्या गोचिडी प्रयोगशाळेत तपासल्या, म्हणजे विषाणू कोणत्या रानात आहे ते समजते. पण ही सारी खटपट सुरू होते ती तुमच्या खबरीपासून. खबर दडवली, तर शेजारच्या वाडीतली माणसे त्याच वाटेने काजूला जातात!

आपण काय करावे?

१. मेलेल्या माकडाला हात लावू नका, पुरू नका, ओढून टाकू नका. कुत्री व मुले दूर ठेवा. वनरक्षक, पशुवैद्यकीय दवाखाना किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा.

२. रानात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा व लांब विजार घाला, विजार मोज्यांत खोचा. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल उघड्या अंगाला लावा.

३. पाचोळ्यावर बसू-निजू नका. घरी येताच कपडे गरम पाण्यात टाका, साबणाने आंघोळ करा, अंग तपासा.

४. जंगलातला पातेरा गोठ्यात अंथरू नका. गोठ्याच्या भेगा लिंपून घ्या.

५. गुरांवरचे गोचीडनाशक पशुवैद्यकाला विचारूनच व सांगितलेल्या प्रमाणात वापरा. गोचीड बोटांनी चिरडू नका.

ताप आला तर?

चावल्यावर ३ ते ८ दिवसांनी थंडी वाजून एकाएकी जोराचा ताप येतो. डोके व अंग फार दुखते, उलट्या होतात, कधी नाका-हिरड्यांतून रक्त येते. हा ताप माणसापासून माणसाला लागत नाही. तेव्हा रोग्याला वाळीत टाकू नका. यावर खास औषध नाही. पूर्वीची लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने बंद झाली. मात्र वेळीच दवाखान्यात नेल्यास बहुतेक रोगी बरे होतात. १०० रोग्यांमागे ३ ते ५ दगावतात, म्हणून अंगावर काढू नका. "मी रानात गेलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मंडळी, माकड आपले पीक खाते हे खरे. पण या रोगात ते आपल्या आधी मरते आणि आपल्याला सावध करते. ती सूचना वाया घालवू नका.