आवाज, पदवी आणि नभोवाणीचे दार

उन्हाळ्यात निकाल लागले की एखादे पालक आम्हाला हमखास विचारतात, "गुरुजी, पोराचा आवाज भारदस्त आहे, बोलण्यात धीट आहे. रेडिओत जमेल का? की आधी बी.ए. होऊ द्यावे?" नभोवाणीवर काही वर्षे काम केल्यामुळे हा प्रश्न आमच्या वाट्याला येतो. त्याचे उत्तर उंबऱ्यात उभ्याने देता येत नाही, म्हणून शाळेच्या या स्मरणिकेत सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम एक जुने उदाहरण पाहू. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर एकेकाळी पु. ल. देशपांडे होते आणि व्यंकटेश माडगूळकरही होते. पु. ल. एम.ए., एलएल.बी. झालेले, माडगूळकरांनी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती. तरीही ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांचे काम माडगूळकरांनी दीर्घकाळ केले, कारण माणदेशाची माती, तिथली गुरे, तिथला दुष्काळ आणि तिथली बोली त्यांना आतून ठाऊक होती. हे उदाहरण देऊन कोणी म्हणेल की पाहा, पदवीवाचून काही अडत नाही. आम्ही तसे म्हणणार नाही. माडगूळकर आकाशवाणीत आले तेव्हा लेखक म्हणून त्यांचे नाव झालेले होते. ज्याचे नाव झालेले नाही आणि ज्याच्या घरात साहित्यिकांची ऊठबसही नाही, त्या मुलाला आज अर्ज भरायचा असतो, आणि त्या अर्जात पदवीचा रकाना असतो.

आकाशवाणीवर आज नव्याने येणारे बहुधा नैमित्तिक उद्घोषक म्हणून येतात. त्यासाठी पदवी मागितली जाते. मग लेखी चाचणी, स्वरचाचणी आणि मुलाखत. निवड झाल्यावरही महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, म्हणजे ही नोकरी नव्हे, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. वृत्तनिवेदकाच्या कामात नुसते वाचन नसते; इंग्रजीतून आलेली बातमी थोड्या वेळात नेटक्या मराठीत उतरवावी लागते. येथे शिक्षणाची खरी गरज दिसते, कारण आवाज कितीही गोड असला तरी तो अनुवाद करून देत नाही. खासगी एफ.एम. वाहिन्या भारतात 2001 पासून सुरू झाल्या. तेथे रेडिओ जॉकीला पदवीपेक्षा दोन-तीन मिनिटांच्या नमुना ध्वनिमुद्रणावरून जोखले जाते. या वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या तयार करून देण्याची मुभा नाही, त्यामुळे तेथे गाणी, गप्पा आणि शहराची नाडी ओळखणारा माणूस हवा असतो.

आता व्यक्तिमत्त्वाविषयी. हा शब्द आम्ही जरा सावधपणे वापरतो. आमच्या पहिल्या स्वरचाचणीनंतर एका परीक्षकांनी हसत सांगितले होते, "आवाज ठीक आहे, पण व्यक्तिमत्त्व रेडिओचे नाही." त्याचा अर्थ बऱ्याच दिवसांनी उमगला. आम्ही 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणालो होतो आणि 'डोळा' म्हणताना 'ळ' चा 'य' झाला होता. उच्चारातली ही चूक दोन महिन्यांच्या सरावाने जाते. तिला व्यक्तिमत्त्वाचा दोष म्हटले की मात्र मुलगा आयुष्यभर स्वतःलाच उणा समजतो. पदवी कागदावर असते, ती कोणाला नाकारता येत नाही. 'व्यक्तिमत्त्व' हे ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते, आणि तो कान कोणत्या घरात घडला यावरही. आपल्या समाजाने पदवीचा आग्रह धरला तो उगाच नव्हे.

पण एवढे सांगून थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. ध्वनिक्षेपकासमोर श्रोता दिसत नाही, टाळी ऐकू येत नाही. सभेत गाजणारे वक्ते येथे कोरडे पडताना आम्ही पाहिले आहेत, कारण ते हजारांना उद्देशून बोलतात आणि रेडिओ ऐकणारा एकटा असतो: भाकरी थापणारी बाई, रात्रपाळीचा पहारेकरी. त्या एकाशी बोलता येणे म्हणजे रेडिओचे व्यक्तिमत्त्व. अमीन सयानी 1952 पासून रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सादर करीत; त्यांची हिंदुस्थानी साधी होती आणि ऐकणाऱ्याला ती आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटे.

हे साधते सरावाने, आणि त्याची बरीचशी पूर्वतयारी आपल्या वसतिगृहात नकळत होत असते. सकाळच्या वंदनेत त्रिसरण-पंचशील म्हणताना श्वास कोठे घ्यावा हे मूल शिकते. पाली शब्दांतली जोडाक्षरे जिभेला वळण लावतात. परिपाठाला वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे हाही उत्तम सराव. तोंड ध्वनिक्षेपकापासून साधारण वीतभर दूर ठेवून किंचित तिरके बोलावे, म्हणजे 'प' आणि 'फ' चे फटकारे उमटत नाहीत. आपले वाचन भ्रमणध्वनीवर मुद्रित करून ऐकावे. पहिल्यांदा स्वतःचा आवाज परका वाटतो आणि लाज वाटते. चौथ्या-पाचव्या वेळी चुका ऐकू येऊ लागतात.

अंगुत्तर निकायात सुभाषित वाचेची पाच अंगे सांगितली आहेत: ती योग्य वेळी बोललेली, सत्य, मृदू, हितकर आणि मैत्रीचित्ताने बोललेली असावी. उद्घोषकाला यातले पहिले अंग सर्वांत कठीण जाते. वेळेची घोषणा सेकंदाला हुकली तर पुढचा सारा कार्यक्रम विस्कटतो. हितकर असण्याच्या बाबतीत आजच्या काही वाहिन्यांवरच्या बडबडीबद्दल न बोललेलेच बरे.

आणखी एक दार आहे, ज्याची माहिती पालकांना क्वचितच असते. हवेतील ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. पुढे 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची वाट खुली झाली. अशा केंद्रावरचे निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत असा नियम आहे. तेलंगणातील जहीराबादजवळचा 'संघम् रेडिओ' 2008 पासून दलित स्त्रिया चालवतात. बियाणे, पीकपाणी, सण आणि गाणी त्या आपल्याच बोलीत प्रसारित करतात. साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला 'माणदेशी तरंग' आहे. येथे बोली आड येत नाही, उलट तीच पात्रता ठरते.

म्हणून उंबऱ्यात विचारणाऱ्या पालकांना आम्ही असे सांगतो: बी.ए. होऊ द्या, मराठी किंवा इंग्रजी विषय घेऊन झाले तर अधिक बरे. त्याच तीन वर्षांत मुलाने जवळच्या सामुदायिक केंद्रावर जाऊन काम मागावे, पैसे मिळोत न मिळोत. आणि मुलगी विचारत असेल तर तिलाही हेच. यंदा माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शाळेच्या ग्रंथालयात बसणार आहोत. ज्यांना स्वरचाचणीचा सराव करायचा आहे त्यांनी त्या दिवशीचे वर्तमानपत्र सोबत आणावे.